पन्ह्याची पातेली

मी एक जुनी पितळी पातेली आहे, मित्रांनो. सांगलीजवळ विश्रामबागेच्या माळावर एक शुश्रूषागृह आहे, तिथल्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर मी वर्षभर उपडी असते. चैत्र आला की मला खाली उतरवतात, घासतात, आणि मग दोन-चार माणसं माझ्याभोवती गप्प उभी राहतात. एक बाई माझ्यात हात घालून आतून बोट फिरवते. तिनं मान हलवेपर्यंत कोणी माझ्यात पाण्याचा थेंबही घालत नाही. एवढा अविश्वास मी कसा कमावला, ते मला तुम्हांला सांगायचं आहे. सांगताना लाज वाटेल, पण आतलं लपवू नये हे मी फार उशिरा शिकले, आणि शिकलेलं सांगितलं नाही तर त्याचा उपयोग काय?

माझा जन्म साताऱ्याचा. तिथल्या एका म्हाताऱ्या तांबटानं पितळेचा पत्रा तापवून, ठोकून, पुन्हा तापवून मला आकार दिला. आठ दिवस तो मला बडवत होता. शेवटी त्यानं मला उन्हात धरलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "हिला आता पन्नास वर्षं मरण नाही." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जे वारं शिरलं ते बरीच वर्षं गेलं नाही.

वाईच्या एका भिक्षुकानं मला मुलीच्या लग्नासाठी घेतलं. मुलगी बारा वर्षांची, नाव कृष्णा. माझ्या काठावर टिंबाटिंबांनी 'चि. सौ. कां. कृष्णा, शके १८३१' अशी अक्षरं उमटवली आणि मी रुखवतात जाऊन बसले. वऱ्हाड परत निघालं तेव्हा बैलगाडीत ती पोर मला टेकून रडत होती. तिचं आसू माझ्या काठावरून खाली ओघळलेलं मला अजून आठवतं.

तिचा संसार नऊ वर्षांचा. मानमोडीच्या साथीत तिचा नवरा गेला. सासरच्यांनी भांडी वाटून घेतली तेव्हा ती इतकंच म्हणाली, "माझ्या माहेरची तेवढी पातेली मला द्या." मग आम्ही दोघी दारोदार फिरलो. तिनं दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केला, मी दुसऱ्यांची आमटी उकळली. जिथं जाईल तिथं ती आधी मला चुलीवर ठेवायची आणि मगच पदर खोचायची. लोक तिला कृष्णाकाकू म्हणू लागले.

एकोणीसशे अडतीस साली आम्ही या माळावर आलो. डॉक्टर गंगाधरपंतांनी हे शुश्रूषागृह नुकतंच काढलं होतं. इस्पितळ ज्यांना बरं करू शकत नाही आणि घर ज्यांना सांभाळू शकत नाही, अशी म्हातारी माणसं इथं राहत. बावीस खाटा होत्या. गाव त्याला 'म्हाताऱ्यांचा दवाखाना' म्हणे. डॉक्टर काकूंना पहिल्या दिवशी म्हणाले होते, "माझं औषध दोन चमचे. बाकी सगळं तुमच्या हातात आहे. यांची पोटं तान्ह्या पोरांसारखी आहेत."

काकूंनी ते मनावर घेतलं. मित्रांनो, तुम्ही आमचं स्वयंपाकघर पाहायला हवं होतं. दूध तीनदा उकळायचं आणि जाळीच्या कपाटात ठेवायचं. कपाटाचे चारही पाय पाण्यानं भरलेल्या दगडी वाट्यांत, म्हणजे मुंगीला चढायला वाट नाही. दही दगडीत. पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून मग उकळलेलं. पिठाच्या डब्यांना कडुलिंबाचा पाला. आदल्या दिवसाचा भात कुणाच्या पानात पडलेला मी पाहिला नाही. स्वयंपाकघरात माशी शिरली तर काकू हातातलं काम टाकून तिच्या मागं लागत, आणि खाटेवरची म्हातारी माणसं कान देऊन ऐकत, माशी सापडली की नाही.

आणि सोवळं होतं. काकू आंघोळ करून ओलेत्यानं चुलीपुढं बसत. स्वयंपाकघराचा उंबरठा दुसऱ्या कुणी ओलांडायचा नाही. भांडी घासायला मनुबाई यायची. ती माधवनगरच्या रस्त्यावरच्या खोपटांत राही. विहिरीजवळच्या दगडावर ती भांडी घासायची, फळीवर उन्हात पालथी घालायची. कावळ्यांनी चोच लावू नये म्हणून त्यांच्यावर डालगं ठेवायची. मग काकू बाहेर येऊन वरून पाणी ओतून ती भांडी आत न्यायच्या. पाच वर्षं या दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंनी एकमेकींशी बोलल्या. भांडण कधी झालं नाही, आणि उंबरठाही कुणी ओलांडला नाही.

आता माझ्या आतली गोष्ट. पितळ दिसायला देखणं, पण आंबटाशी त्याचं जमत नाही. ताक, चिंच, कैरी नुसत्या पितळेत राहिली की अन्न कळकतं, त्यात विष उतरतं. म्हणून आम्हांला आतून कथलाचा पातळ लेप देतात, तीच कल्हई. आमचा कल्हईवाला लालासाहेब. दर दोन-तीन महिन्यांनी तो अंगणात खड्डा करून भाता लावायचा. मला लालबुंद तापवायचा, नवसागर टाकून कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं भर्रकन पुसून घ्यायचा. पांढरा धूर निघायचा, आणि मी आतून चांदीसारखी होऊन बाहेर यायचे. त्या लेपाला मी कधी किंमत दिली नाही. मला वाटायचं, मी मूळची एवढी देखणी, हे वरचं सारवण कशाला?

मग लढाई आली. बेचाळीसच्या उन्हाळ्यात लालासाहेब आला तो रिकाम्या हातानं. अंगणातच उभा राहून म्हणाला, "काकू, कथील मिळंना. जिकडनं यायचं तो मुलूखच जपान्यानं घेतला. काही जण शिसं मिसळून चमकवून देत्यात, मी न्हाई देनार. ते मान्साच्या पोटात जातंय."

काकू आतून म्हणाल्या, "बरं, मिळेल तेव्हा ये."

जाता जाता तो विहिरीपाशी मनुबाईजवळ थांबला आणि तिला दोन शब्द सांगून गेला. मग कामधंदा नाही म्हणून कुठल्याशा कारखान्यात लागला, आणि आमच्या अंगणातला खड्डा बुजून गेला.

दिवाळीच्या सुमारास माझी कल्हई विटायला लागली. आत काळपट डाग पडले. काकूंना स्वयंपाकघराच्या अंधारात ते डाग मळासारखे दिसले, आणि मळ म्हणजे त्यांचा वैरी. त्यांनी मला मनुबाईपुढं ठेवलं. "आतून नीट घास गं. काळं दिसतंय."

मनुबाईनं राखेनं घासलं. डाग थोडे गेले. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "अजून आहे." मग तिनं विटकरीची भुकटी घेतली, काथ्या घेतला. रोज थोडं थोडं घासत महिन्याभरात ती मला आतून लख्ख पिवळी करून मोकळी झाली. काकूंनी मला उन्हात तिरकी धरली आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. "आता कशी सोन्यासारखी दिसते! रुखवतात अशीच होती."

मीही फुगले, मित्रांनो. मला वाटलं, मी पुन्हा तरुण झाले. ते सोनं म्हणजे माझी उघडी कातडी आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. स्वच्छतेच्या पायीच माझं कवच खरवडून गेलं होतं. पितळ उघडं पडणं म्हणतात ते हेच, पण त्या वेळी सगळे त्याला चकाकी समजत होते.

सगळे म्हणजे एक सोडून. मनुबाईनं मला आत देताना सांगितलं, "काकू, हिची कल्हई पार उडालीया. लालासाहेब सांगून गेल्यात, आंबट काय घालू नका म्हनून."

काकू पाणी ओतत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "मनुबाई, तू घासायचं बघ. काय घालायचं ते मी बघते. तीस वर्षं रांधतेय मी यात."

"तसं न्हवं काकू—"

"डॉक्टरांनी ती जर्मनची, ॲल्युमिनियमची पातेली आणून ठेवलीय ना, तिला शिवायचंही माझ्या मनात येत नाही. पितळ विस्तवातून काढलं की शुद्ध. माझ्या माहेरची आहे ती."

मनुबाईनं पुढचं भांडं ओढलं. काकूंचं वागणं वाईट नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगते. सणाला त्या मनुबाईच्या ताटात आधी वाढायच्या. पण अन्नाबद्दल काही शिकायचं असेल तर ते उंबरठ्याच्या आतून शिकायचं, बाहेरून नाही, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. हिवाळाभर माझ्यात वरण, भात, खीर असंच काहीबाही शिजलं आणि लगेच उपसलं गेलं, म्हणून काही बिघडलं नाही.

त्रेचाळीसचा चैत्र आला. डॉक्टरांच्या पत्नी शरयूबाई दरसाल शुश्रूषागृहात चैत्रगौर बसवत. त्या दिवशी प्रत्येक खाटेला वाटीभर आंब्याची डाळ आणि पेलाभर पन्हं मिळे. काकू स्वतः विधवा, हळदीकुंकवाला त्या पुढं जात नसत. पण पन्हं त्यांच्याच हातचं, आणि ते माझ्यातच व्हायचं. वर्षातला हा आमचा दोघींचा दिवस.

या पन्ह्याची वाट पाहणारं एक माणूस होतं, हवालदार केरबा. ते उंब्रजचे. पहिल्या लढाईत एक पाय अधू करून आलेले, बायको गेलेली, एकुलता मुलगा आकाराम या लढाईत कुठंतरी वाळवंटात. केरबांना कपभर दूध दिलं तरी ते मोठ्यानं सांगत, "लय झ्याक, काकू." काकू उत्तर देत नसत. पण केरबांच्या वाटीत साय जरा जास्त पडायची.

आदल्या दिवशी संध्याकाळी काकूंनी कैऱ्या उकडल्या. गर काढला, गूळ घातला, वेलदोडे घातले, केशराच्या चार काड्या घातल्या. रात्रभर मुरलं म्हणजे पन्ह्याला गोडी येते. मला वरून धुतलेलं फडकं बांधलं, फडक्यावर पाण्याचा हबका मारला आणि जाळीच्या कपाटात ठेवलं. कपाटाच्या वाट्यांत ताजं पाणी भरलं. मुंगी नाही, माशी नाही, धूळ नाही. जगात कुठं ठेवलं नसेल इतकं जपून ते पन्हं ठेवलं होतं. आणि ते माझ्यात होतं.

माझ्या अंगातून काहीतरी सुटतंय हे मला कळत होतं. मला आधी वाटलं, केशराचा रंग असेल.

दुसऱ्या दिवशी काकूंचा सोमवारचा उपास. शिवाय देवीला दाखवायचं ते आधी चाखायचं नाही. त्यामुळं पन्ह्याचा थेंबही त्यांच्या जिभेवर गेला नाही. दुपारी पेले भरले गेले. एक म्हातारी म्हणाली, "यंदा जरा वेगळंच लागतंय." दुसरी म्हणाली, "कैरी जून असेल." गुळानं आणि वेलदोड्यानं माझं पाप झाकलं. केरबांनी एक पेला संपवला आणि हात पुढं केला. "आवं काकू, आनि एक द्या. औंदा पोरगं हितं न्हाई, त्याच्या वाटचा मीच पितो." काकूंनी त्यांना तीन पेले दिले.

दोन तासांनी पहिली उलटी झाली. मग दुसऱ्या खाटेवर, मग चौथ्या. दिवेलागणीपर्यंत बावीसांपैकी पंधरा जण पोट धरून बसले होते, आणि केरबांना उठवत नव्हतं. डॉक्टर खाटाखाटांवरून धावत होते. त्यांच्या डोळ्यांत एकच भीती होती, पटकीची. सांगलीत त्या उन्हाळ्यात पटकीच्या बातम्या होत्या. तसं ठरलं असतं तर नगरपालिकेला कळवणं भाग होतं. मग शुश्रूषागृहाला कुलूप लागलं असतं, आणि ज्यांना घर नाही त्यांना बाहेर तंबूत हलवलं असतं. केरबांसारखा माणूस त्या हलवाहलवीतच गेला असता.

डॉक्टर स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "काकू, खाण्यात काही शिळं?"

"माझ्या हातून?" काकूंचा आवाज कापला. "पाणी उकळलेलं, दूध उकळलेलं. माझ्या स्वयंपाकात काही नाही. भांडी तेवढी बाहेर घासली जातात."

त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, असं मला आजही वाटतं. घाबरलेलं माणूस हाताला येईल ते पुढं करतं. पण शब्द गेला तो गेला. डॉक्टर मागच्या दारी आले. मनुबाई मला समोर घेऊन नुसती बसली होती. पन्हं संपलेली, चिकट, तशीच्या तशी मी तिच्यापुढं होते. बाकीची भांडी घासून झाली होती.

डॉक्टरांनी ते पाहिलं. त्यांना माणसं वाचवायची होती, विचार करायला सवड नव्हती. ते म्हणाले, "भांडी अशी ठेवतेस तू? उद्यापासून येऊ नकोस. पुढचं मी बघतो."

मनुबाई उभी राहिली. "दाक्तर, ही पातेली—"

पण आतून कुणीतरी हाक मारली आणि डॉक्टर पळाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. आणि चोर अंगणात बसून ऐकत होता, कारण त्याला तोंड असून बोलता येत नव्हतं.

मनुबाई उंबरठ्याशी गेली. आत काकू चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. ती म्हणाली, "काकू, पाच वर्सांत आज पैल्यांदा मी भांडं न घासता जातीया. ह्या डालग्याखाली ठेवलीया. अंधारात काय दिसायचं न्हाई तुमास्नी. उद्या उजेडात बगा, आन् मग मला काय बोलायचं ते बोला." तिनं मला डालग्याखाली झाकलं आणि ती गेली. काकूंनी मागं वळून पाहिलं नाही.

सकाळी काकू आंघोळ करून बाहेर आल्या तेव्हा ऊन नुकतंच अंगणात उतरलं होतं. आत केरबा कण्हत होते. तो आवाज ऐकून काकू दोनदा थांबल्या. मग त्यांनी डालगं उचललं.

मित्रांनो, मी स्वतःला त्या उजेडात काकूंच्या डोळ्यांतून पाहिलं. पन्ह्याची रेघ जिथंपर्यंत होती तिथं माझ्या आतून सबंध गोल हिरवं कडं पडलं होतं, मोरचुदासारखं हिरवं. खाली बुडाशी चिकट पिवळेपणात तोच रंग मिसळला होता. काकूंनी बोट लावलं, जिभेला टेकवलं आणि पटकन थुंकलं. चव घ्यायला त्यांना एक दिवस उशीर झाला होता.

त्या माझ्याजवळ खाली बसल्या. शेजारीच राखेचं मडकं होतं. त्यांनी मूठभर राख घेतली.

अंगणात कुणी नव्हतं. दोन हात फिरवले असते तर हिरवं कडं गेलं असतं, आणि त्यासोबत सगळंच गेलं असतं. आजार पटकीच्या माथी, नाहीतर मनुबाईच्या. काकूंची तीस वर्षांची सुग्रणकी शाबूत, माझ्या काठावरचं त्यांचं नाव शाबूत. मला पहिल्यांदा वाटलं की मला कुणी घासू नये. मी आयुष्यभर घासून घेण्यासाठी जगले होते, आणि त्या सकाळी मला माझा मळ हवा होता. पण मी काय करणार? मी नुसती आ वासून त्यांच्यापुढं बसले होते.

काकूंचा हात माझ्या काठावर आला. बोटं त्या टिंबाटिंबांच्या अक्षरांवरून फिरली. मग त्यांनी मूठ उघडली. राख जमिनीवर सांडली.

त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि सोवळ्यानंच, खाटांच्या मधून, सगळ्यांच्या देखत चालत डॉक्टरांपाशी गेल्या. कुणाकुणाचा स्पर्श झाला त्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. मला टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मनुबाईचा दोष नाही. पातेली माझी आहे. कल्हई नाही हे तिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पन्हं कळकलं."

डॉक्टरांनी माझ्यात पाहिलं आणि ते खुर्चीत बसले. "म्हणजे पटकी नाही," ते हळूच म्हणाले. मग एकदम उठले. "काकू, पितळेतल्या तांब्याचं विष असेल तर अंड्यातला पांढरा भाग पाण्यात फेटून द्यायचा, आणि दूध. केरबांना लगेच हवं. पण अंडी आता इतक्या सकाळी—"

"मी आणते," काकू म्हणाल्या.

त्या मला काखेत घेऊनच निघाल्या. का घेतलं ते त्यांनाच ठाऊक. माळावरून अनवाणी, ओल्या लुगड्यानं, त्या माधवनगरच्या रस्त्याला लागल्या. मनुबाईच्या दारात कोंबड्या होत्या. मनुबाई चुलीला लाकडं लावत होती. काकूंना पाहून ती हातातलं लाकूड तसंच घेऊन उठली.

काकू दारातच उभ्या राहिल्या. "मनुबाई, माझं चुकलं. तुझं नाव मी वाईट केलं, ते मीच चांगलं करून आले आहे. आता तू मला अंडी दे. केरबांना द्यायची आहेत."

मनुबाईनं टोपली पुढं केली. काकूंनी सोवळ्याचा पदर पसरला. ज्या पदरात कधी देवाच्या प्रसादाशिवाय काही पडलं नव्हतं, त्यात आठ अंडी आली. एक कोमट होतं, नुकतंच घातलेलं. काकूंनी ते हातात धरलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वरातीच्या दिवशी जसं माझ्या काठावर ओघळलं होतं तसंच ते पुन्हा ओघळलं.

"चल," त्या म्हणाल्या. "आज मला एकटीला जमायचं नाही."

दोघी परत आल्या. स्वयंपाकघराशी मनुबाई सवयीनं थांबली. काकू आत गेल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "आत ये. एकेक भांडं बघ, आणि सांग मला, कुठलं चालेल आणि कुठलं नाही. तुला दिसतं ते मला दिसत नाही." मनुबाईनं पाय पुसले. एक पाय उंबरठ्याच्या आत टाकून ती जरा थांबली, मग दुसरा टाकला. तिनं फळीवरचं पहिलं पातेलं घेतलं आणि उजेडाकडं तिरकं धरलं.

त्या दिवशी डॉक्टरांच्या जर्मनच्या भांड्यात दूध तापलं. अंडी फेटली ती काकूंनीच, तोंड वळवून. केरबांचे तीन दिवस फार अवघड गेले. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, काकूंनी वाटीभर पेज पुढं धरली, ती पिऊन केरबा म्हणाले, "लय झ्याक." या वेळी काकूंनी उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "हवालदार, मला माफ करा." केरबा म्हणाले, "आवं, लढाईत आपल्याच मान्साची गोळी लागती कवा कवा. मुद्दाम मारली न्हाई म्हंजे झालं." लढाई संपल्यावर आकाराम परत आला आणि त्यांना उंब्रजला घेऊन गेला. पंधरा जणांपैकी कुणी दगावलं नाही, हे माझं नशीब. माझी पुण्याई त्यात काही नाही.

मी मात्र फळीवर उपडी पडले. तीन वर्षं कुणी मला हात लावला नाही. मला वाटलं, भंगारात घालतील. मग शेहेचाळीस साली एके सकाळी अंगणात भात्याचा आवाज आला. लालासाहेबाला कथील मिळालं होतं. काकूंनी मला स्वतः खाली उतरवलं. कल्हई झाल्यावर त्यांनी मला मनुबाईपुढं धरलं आणि म्हणाल्या, "बघ."

मनुबाईनं बोट आतून गोल फिरवलं. "आता चालंल, काकू."

त्या चैत्रात माझ्यात पुन्हा पन्हं झालं, पण रात्रभर मुरत राहिलं ते चिनी मातीच्या बरणीत. माझ्यात ते आलं वाढण्यापुरतं. देवीपुढं नैवेद्य जाण्याआधी काकूंनी पळीभर पन्हं वाटीत घेतलं आणि स्वतः प्यायल्या. शरयूबाई चकित होऊन पाहतच राहिल्या. काकू म्हणाल्या, "देवी रागावली तर माझ्यावर रागावेल. माणसांवर नको." मग त्यांनी दुसरी वाटी भरली आणि मनुबाईच्या हातात दिली.

आता देश स्वतंत्र झाला, डॉक्टरांचे केस पांढरे झाले. काकू गेल्या वर्षी वाईला भावाकडं गेल्या, त्या परत आल्या नाहीत. जाताना त्या मला नेतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मला मनुबाईच्या हाती दिलं. काठावर अजून त्यांचंच नाव आहे, आणि दर चैत्रात आतून फिरतं ते मनुबाईचं बोट.

म्हणून माझं एवढं ऐका, मित्रांनो. दुसऱ्याच्या पोटात जाणारं अन्न तुम्ही रांधाल, वाढाल, जपून ठेवाल, तेव्हा भांडं बाहेरून किती चकाकतं ते पाहून थांबू नका. ते उजेडात न्या, तिरकं धरा, आत बघा. आणि तुमच्या घरी जी बाई ती भांडी घासते तिला विचारा, कारण भांड्याच्या आतलं तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नसतं. ती काही सांगू लागली, तर हातातलं पाणी ओतणं जरा थांबवा.